पेटीतल्या डांबर गोळ्या आणि बाळाची गोधडी

अंजनीकाठ
मंडळी, घरात दोन पक्ष पडलेत, म्हणून धागा काढतेय.

लेक बाळंतपणाला आली आहे, नववा लागलाय. परवा सासूबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवून घेतली. तिच्यात माझ्या दोन्ही मुलांची झबली, कुंच्या, दुपटी आणि सासूबाईंच्या जुन्या नऊवारीच्या दोन गोधड्या आहेत. दर दिवाळीच्या आवराआवरीत या पेटीत चार नव्या डांबर गोळ्या चिंधीत बांधून पडतात. हा नेम माझ्या लग्नाआधीपासूनचा. झाकण उघडलं आणि तो वास असा काही अंगावर आला की लेक नाक धरून ओट्यावर जाऊन बसली. गोळ्या झिजून चिंचोक्याएवढ्या झालेल्या. एका चिंधीची गाठ तर जशीच्या तशी होती, आत काहीच नाही.

लेक म्हणते, यातलं एकही कापड बाळाला लावायचं नाही, विषारी असतं. सासूबाई म्हणतात, "तुझी आई याच गोधडीत वाढवली का नाही मी तुझ्या मामाला?" (नात्याचा थोडा घोळ आहे त्यात, पण ८२ वय आहे, भाव समजून घ्या.) मी मधल्यामधे. धुऊन, उन्हात घालून वापरलं तर चालेल का? आणि या गोळ्या खरंच इतक्या वाईट असतात का?

गिरणाकाठ
मन्हा घरमा बी पेटीमा ह्याच गोया शेतस. लगनमा घातेल कोट बाहेर काढा तं वऱ्हाडी माले पाहीसन नही, वासवरथीन वळखतंस. 😄

जुनं ते सोनं
काही होत नाही. आमच्या पिढीतल्या झाडून सगळ्यांच्या शाळेच्या स्वेटरला तोच वास होता. वर्षातून एकदा थंडी पडली की वर्गात पन्नास पोरं आणि पन्नास डांबर गोळ्या. सगळे जिवंत आहोत, काही तर नातवंडांना ओरडण्याइतके धडधाकट आहोत. आजकाल मोबाइल उघडला की प्रत्येक गोष्टीने कॅन्सर. बिनधास्त वापरा.

रसायनभट्टी
अमळनेरला ३० वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे तोंड आवरणार नाही. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

अंजनीकाठ, तुमच्या धाग्यातला खरा मुद्दा ती रिकामी गाठ आहे. गोळी गेली कुठे? वितळली नाही, उंदराने नेली नाही. डांबर गोळी म्हणजे नॅप्थलीन, आणि तो संप्लवनशील पदार्थ. नववीत नवसागर, कापूर, आयोडीनच्या रांगेत याचंही नाव पाठ केलेलं असेल. स्थायूचा सरळ वायू होतो, मधे द्रव नाही. वितळायला ८० अंश लागतात, उकळायला २१८, पण उडून जायला काहीच लागत नाही. साध्या खोलीतही तो उडत राहतो. २५ अंशांवर जेवढी वाफ असते तिच्या साधारण चौपट ४० अंशांवर असते. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर ४० अंश म्हणजे सकाळचे दहा वाजले असं समजा.

तर ती गोळी गेली गोधडीत. नऊवारीचे पाच-सहा थर, मधे जुन्या कापडाची भर. यापेक्षा चांगला टीपकागद सापडायचा नाही. तुम्हाला येतो तो "गोळीचा वास" नसतो, ती गोळीच असते, बारीक होऊन नाकात आलेली.

आता कुळी. बेन्झीनचं कडं म्हणजे मधमाशीच्या पोळ्यातलं एक घर समजा, सहा कोपऱ्यांवर सहा कार्बन. अशी दोन घरं एका भिंतीने चिकटली की नॅप्थलीन, १० कार्बन आणि ८ हायड्रोजन. तीन चिकटली की अँथ्रासीन किंवा फेनँथ्रीन. पाच चिकटली की एक मोठा बदमाश तयार होतो, त्याचं नाव नंतर. या सगळ्या खानदानाला पीएएच म्हणतात, मराठीत बहुचक्रीय अरोमॅटिक हायड्रोकार्बन. नॅप्थलीन त्यातलं सगळ्यात धाकटं शेंडेफळ. हलकं आहे म्हणूनच एवढं उडतं.

"डांबर गोळी" हे नावही खोटं नाही. दगडी कोळसा हवा न लागू देता तापवला की कोलटार निघतो, म्हणजे मूळचं डांबर. त्यातला सगळ्यात मोठा एकटा घटक हाच, साधारण दहा टक्के. १८२१ मध्ये जॉन किडने त्याला नाव दिलं, १८२६ मध्ये मायकेल फॅरेडेने त्याचं सूत्र काढलं. होय, तोच विजेवाला फॅरेडे. रस्त्यावर घालतात ते आजचं डांबर मात्र खनिज तेलाचा गाळ असतो, कोलटार नव्हे. नाव एक, माल वेगळा.

बाळाचं उत्तर मी देणार नाही. त्यासाठी इथे डॉक्टर आहेत.

पळसफूल
मास्तर, आमच्या वेळी तुम्ही का नव्हता. "गोळीच असते, बारीक होऊन नाकात आलेली", आता पेटी उघडताना श्वास रोखणार.

सातपुडा ओपीडी
मास्तरांनी हाक मारली म्हणून आलो. शहाद्याकडे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो.

अंजनीकाठ, सरळ उत्तर: नवजात बाळाला यातलं काहीही लावू नका. धुऊनही नाही, निदान एक तपासणी होईपर्यंत.

कारण सांगतो. तांबड्या पेशींत जीसिक्सपीडी नावाचं एक एन्झाइम असतं. पेशीवर रासायनिक मारा झाला तर तिला सावरायचं काम त्याचं. काही लोकांत ते जन्मतः कमी असतं. एरवी या माणसाला काहीच त्रास नसतो, त्याला माहीतही नसतं. पण नॅप्थलीन शरीरात गेलं की यकृत त्याचे जे पुढचे पदार्थ बनवतं ते तांबड्या पेशी फोडतात, आणि ज्याच्याकडे हे एन्झाइम कमी आहे त्याच्या पेशी भराभर फुटतात. लघवी काळ्या चहासारखी होते, अंग पांढरं पडतं, डोळे पिवळे होतात. हे लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी, म्हणून घरच्यांना गोळीशी संबंध लागत नाही.

नवजात बाळाचं यकृत आधीच कच्चं. साधी कावीळसुद्धा बऱ्याच बाळांना होते. त्यात पेशी फुटू लागल्या तर बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं ते पिवळं द्रव्य, इतकं चढतं की ते मेंदूत उतरू शकतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. गोळी खावी लागत नाही. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत, पांघरुणात गुंडाळल्यामुळे हे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

आणि आपल्याकडे एक जास्तीची गोष्ट. बाळाला तेल चोळून, शेक देऊन, घट्ट गुंडाळून ठेवतात. नॅप्थलीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तेल लावलेल्या कातडीतून ते अधिक शिरतं. म्हणजे आजी प्रेमाने जे जे करते ते सगळं इथे उलटं पडतं.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो आणि आईकडून येतो. मलेरियाचा पट्टा राहिलेल्या भागांत, बऱ्याच आदिवासी समाजांत याचं प्रमाण जास्त आहे. आमच्याकडे मलेरियावरचं प्रायमाक्विन द्यायच्या आधी आम्ही विचारतो ते यासाठीच. पण म्हणून बाकीच्यांनी निर्धास्त राहू नये, तो कोणत्याही घरात निघू शकतो. एक साधी रक्ततपासणी आहे, टाचेच्या थेंबावरही होते. लेकीच्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

जुनं ते सोनं
डॉक्टरसाहेब, आदर आहे. पण लाखो घरांत गोळ्या आहेत, मग रोज बाळं का दगावत नाहीत?

सातपुडा ओपीडी
कारण बहुतेकांचं एन्झाइम शाबूत असतं. तुमच्या वर्गातल्या पन्नास पोरांपैकी एखाद्याला दोष असेल, तो तान्हा असताना कधी पिवळा पडला असेल, घरच्यांनी "दृष्ट लागली" म्हटलं असेल. किंवा तो तुमच्या वर्गापर्यंत पोचलाच नसेल. जिवंत राहिलेल्यांची हजेरी घेऊन कोण गेलं ते कळत नाही.

पळसफूल
👆 हे वाचून अंगावर काटा आला.

कापूसकोंडी
मास्तर, एक विचारू का? आम्ही कपाशीवर पातेगळ-बोंडगळ थांबवायला प्लॅनोफिक्स मारतो. त्याच्या बाटलीवर नॅप्थिल असं काहीतरी लिहिलेलं आहे. म्हणजे आम्ही डांबर गोळीच फवारतो की काय? आमच्या पारोळ्याकडे तर चहाच्या चमच्याच्या अंदाजाने वापरतात सगळे.

रसायनभट्टी
वा, कापूसकोंडी, हा प्रश्न परीक्षेत विचारायचा राहून गेला.

ते अल्फा नॅप्थिल ॲसिटिक ॲसिड, एनएए. पोळ्याची दोन घरं तीच, पण एका कोपऱ्यावर ॲसिटिक ॲसिडचं शेपूट जोडलंय. त्या शेपटाने स्वभाव पार बदलतो. झाडाला ते स्वतःच्या ऑक्झिन संप्रेरकासारखं वाटतं आणि देठाचा सांधा सुटत नाही, पातं टिकतं. गोळीसारखं ते उडत नाही, गोळीचा वासही येत नाही. मात्र चमच्याचा अंदाज सोडा. थोडं जास्त झालं की हेच औषध उलटं काम करतं. सफरचंदाच्या बागांत फळांची दाटी विरळ करायला, म्हणजे मुद्दाम गळ करायलाही एनएए वापरतात. लेबलवर असेल तेवढंच, मोजून.

नॅप्थलीनचे बाकीचे उद्योग विचाराल तर घरातली गोळी हा त्याचा अगदी किरकोळ धंदा. त्यापासून थॅलिक ॲनहायड्राइड बनतं, त्यापासून प्लास्टिक मऊ करणारी द्रव्यं आणि रंग. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये कमी पाण्यात माल पातळ ठेवायला जे रसायन घालतात त्यातला एक जुना प्रकार नॅप्थलीनचाच. कार्बारिल नावाचं कीटकनाशक अल्फा नॅप्थॉलपासून होतं. भोपाळच्या कारखान्यात तेच बनायचं, त्यासाठी लागणारा दुसरा माल म्हणजे एमआयसी, मिथाइल आयसोसायनेट. १९८४ च्या त्या रात्री टाकीतून सुटला तो एमआयसी.

आणि नीळ! १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली तिचा कच्चा माल नॅप्थलीन होता. त्याचं थॅलिक ॲनहायड्राइड स्वस्तात होईना. अशी गोष्ट सांगतात की प्रयोगात थर्मामीटर फुटला, पारा आत पडला आणि क्रिया एकदम पळू लागली. तिकडे पारा सांडला आणि इकडे आपल्या देशातल्या निळीच्या शेतीचा बाजार उठला.

असो. विषय गोधडीचा आहे.

निवृत्त गार्ड
मास्तरांच्या डांबरावरून आठवलं. भुसावळला आमचं आयुष्य रेल्वेत गेलं. तेव्हा लाकडी स्लीपर होते. साग-सालाचे तसेच टाकायचे, पण चीड-देवदाराच्या स्लीपरांना क्रिओसोट पाजलेलं असायचं. उन्हाळ्यात दुपारी यार्डात चाललं की स्लीपरमधून काळा घाम फुटायचा आणि एक जड वास यायचा, थोडा डांबर गोळीचा, थोडा धुराचा. मला तो वास अजून आवडतो. बायको म्हणते, माणूस रेल्वेतून निवृत्त झाला, रेल्वे माणसातून नाही.

पुढे काँक्रीटचे स्लीपर आले आणि जुने लाकडी लिलावात गेले. लोकांनी गोठ्याला लावले, फाटकं केली, आणि उरलेले चुलीत घातले. आमच्या चाळीत एकाने महिनाभर त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. धूर असा तेलकट की समोरच्या भिंतीवर बोट फिरवलं तर रेघ उठायची. ते चांगलं नव्हतं ना?

रसायनभट्टी
गार्डसाहेब, अजिबात नव्हतं. क्रिओसोट म्हणजे कोलटारचाच अर्क, सगळं पीएएच खानदान त्यात एकत्र कुटुंबात राहतं. असं लाकूड घरात कधीच जाळायचं नसतं. भिंतीवरची ती रेघ म्हणजे मी वर म्हटलेला पाच घरांचा बदमाश, बेन्झो-ए-पायरीन, आणि त्याची भावंडं.

भरीतप्रेमी
हा बदमाश धुरात असतो ना? मग आता खरं सांगा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरिताचं वांगं... 😰

गिरणाकाठ
भरीतले हात लावाना नही हां. आते सांगी ठेवस.

तापीतीर
झालं. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आता त्यालाही कॅन्सर मानांकन द्या.

रसायनभट्टी
थांबा, थांबा, बडग्या खाली ठेवा.

अर्धवट जळणाऱ्या कुठल्याही गोष्टीच्या धुरात पीएएच असतात. लाकूड, काड्या, डिझेल, विडी, उदबत्ती, काहीही. बेन्झो-ए-पायरीन आयएआरसीच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या, पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग करतं याबद्दल शंका उरलेली नाही. याचा पहिला सुगावा १७७५ चा आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यविशारदाने पाहिलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि कारण अंगात मुरलेली काजळी. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने कोलटार चोळून तसाच कर्करोग करून दाखवला.

पण वांग्याकडे बघा. मांस निखाऱ्यावर भाजताना चरबी ठिबकते, ती जळते, तो धूर परत मांसावर बसतो. वांग्यात चरबी नाही. आणि काजळी बसते सालीवर, जी आपण सोलून टाकतो. म्हणून माझं मत: भरीत खा, पण साल नीट काढा. "थोडी जळकी साल राहिली तर चव येते" म्हणणाऱ्याला वाढू नका. धोका कोणाला असेल तर जी बाई थंडीभर खाली वाकून काड्या सरकवत तोंडावर धूर घेते तिला. हुरडा-भरिताच्या पार्टीत आपण खुर्चीवर बसून "अजून आण" म्हणतो आणि ती डोळे पुसत असते.

पळसफूल
हे मात्र खरं. आमच्या यावलकडे चाळीस माणसांचं भरीत आई एकटी भाजायची, शेतात, वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहून. रात्री खोकला. आम्ही म्हणायचो, थंडी लागली. यंदा भाजायचं काम पुरुषांकडे दिलं. त्यांनी अर्धी वांगी कच्ची ठेवली, पण असू दे.

तापीतीर
मानांकनाचा विनोद मागे घेतो.

जुनं ते सोनं
बरं, बेन्झो पहिल्या गटात. आणि डांबर गोळी? मी शोधलं, ती "२ बी" गटात आहे, म्हणजे "शक्यता". त्याच गटात पारंपरिक आशियाई लोणचीसुद्धा आहेत! लोणच्याची बरणीही फेकू का?

रसायनभट्टी
शोधून आलात, आनंद झाला, खरंच. पण गट हे धोका किती मोठा ते सांगत नाही, पुरावा किती पक्का ते सांगतो. नॅप्थलीनमुळे प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या नाका-फुप्फुसात गाठी झाल्या, माणसाबद्दल पुरेसा पुरावा नाही, म्हणून २ बी. मलाही कॅन्सरच्या नावाने कोणाला घाबरवायचं नाही. डॉक्टर जे पेशी फुटण्याबद्दल बोलले त्यात मात्र "शक्यता" वगैरे नाही, ते ठाऊक झालेलं आहे. युरोपियन युनियनने २००८ मध्ये घरगुती नॅप्थलीन गोळ्या बाजारातून काढल्या.

केळीबाग
आमच्याकडे रावेरला घराच्या कोपऱ्यांत टाकतात, साप येत नाही म्हणून. केळीच्या खोडांत साप फार.

तापीतीर
मी पाच-सहा वर्षं साप पकडायला जातो. डांबर गोळ्यांच्या रांगेशेजारी वेटोळं घालून बसलेला नाग स्वतः उचललाय. उंदीर कमी करा, भिंतीची बिळं बुजवा, रात्री बॅटरी वापरा. आणि अंगणात टाकलेली पांढरी गोळी पोराला पेपरमिंट वाटते, ते वेगळंच.

केळीबाग
आणि गव्हाच्या कोठीत? आई टाकते दोन-चार.

सातपुडा ओपीडी
केळीबाग, आजच काढा. धान्यात ही गोळी कधीच नाही. गव्हात तेल असतं, ते वाफ धरून ठेवतं, आणि दळताना गोळीचा तुकडा पिठात गेला तर कोणाला कळणारही नाही.

तापीतीरांनी पेपरमिंट म्हटलं म्हणून सांगतो. दोन वर्षांचा एक मुलगा आणला होता, बेसिनमधली गोळी चघळून. घरच्यांनी चांगल्या हेतूने लोटाभर दूध पाजलं. तेच करायचं नसतं. दूध-तुपातल्या स्निग्धाने नॅप्थलीन जास्त शोषलं जातं. ओकारीही काढायची नाही. तोंडातला तुकडा काढा, गोळीचं पाकीट सोबत घ्या आणि सरळ दवाखान्यात. पोरगं खेळतंय, हसतंय म्हणून घरी परत नेऊ नका. त्या मुलाची लघवी तिसऱ्या दिवशी काळी झाली. रक्त चढवावं लागलं. वाचला.

कापूसकोंडी
गव्हाला आम्ही कडुनिंबाचा सुका पाला घालतो. आधी गहू चांगला कडक वाळवायचा, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओल राहिली तर निंब काय आणि गोळी काय. तूरडाळीला एरंडेल चोळायचं.

रसायनभट्टी
एक राहिलं. बेसिनमधली गोळी बऱ्याचदा नॅप्थलीन नसतेच, पॅराडायक्लोरोबेन्झीन असते. तिच्यात एकच कडं, त्यामुळे पीएएच नाही, पण तीही खाऊची नाही. आणि देवाचा कापूर तिसराच, तोही मुलांना विषारी. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही उग्र. ओळखायचं असेल तर घरी करता येईल असा प्रयोग:

एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात कोमट पाण्यात मीठ घालत, ढवळत राहा, तळाशी विरघळेनासं होईपर्यंत. गोळी आधी साध्या पाण्यात टाका. तरंगली तर कापूर. बुडाली तर काढून मिठाच्या पाण्यात टाका. तिथे तरंगली तर नॅप्थलीन, तिथेही बुडाली तर पॅराडायक्लोरो. हातात मोजे घाला, ग्लास नंतर स्वयंपाकात वापरू नका, गोळी तापवू नका. नॅप्थलीन पेट घेतं आणि काजळीचे गोळे उडवतं.

अंजनीकाठ
सगळ्यांचे आभार. एवढं वाचून डोकं गरगरलं, पण कामाला लागले.

आधी प्रयोग. लेकीला दुसऱ्या खोलीत बसवलं आणि ओसरीवर मांडला. फुटक्या कडेचे दोन ग्लास घेतले, मीठ जवळजवळ पाव वाटी गेलं. पेटीतले तिन्ही चिंचोके साध्या पाण्यात बुडाले. मिठाच्या पाण्यात दोन वर आले, बुडबुड्यासारखे ग्लासच्या कडेला चिकटून बसले. एक तळाशीच. म्हणजे दुकानदाराने कधीतरी दुसऱ्याच गोळ्या दिल्या आणि आम्ही दोन्ही एकत्र नांदवल्या. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मिठाच्या पाण्यात तरंगते म्हणजे खारी आहे मेली."

डॉक्टर, तपासणीचं लेकीच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, घरात कोणाला तान्हेपणी जास्त कावीळ झाली होती का? मी नाही म्हणणार होते. सासूबाई म्हणाल्या, "माझा थोरला भाऊ." तो आठव्या दिवशी गेला होता. हे मला ३१ वर्षांत माहीत नव्हतं.

आता मला एवढंच सांगा, गोधड्या वाचवता येतील का? सासूबाईंच्या हातची शिवण आहे.

सातपुडा ओपीडी
ताई, त्या भावाचं आता काही सांगता येणार नाही, हजार कारणं असतात. सासूबाईंच्या मनात ते घेऊ देऊ नका. पण डॉक्टरांनी विचारलं हे फार बरं झालं.

रसायनभट्टी
गोधड्या नक्की वाचतील. धुण्याने फारसं होणार नाही, पाण्यात ते विरघळत नाही. पण जे उडून आत शिरलं ते उडूनच बाहेर जाईल, आणि आपल्याकडे ऊन फुकट आहे. गच्चीवर दोरीवर टांगा, खाटेवर पसरू नका, दोन्ही बाजूंनी वारा लागला पाहिजे. रोज उलटवा. अख्खा मे जाऊ द्या. मग धुवा, परत वाळवा. रात्रभर बंद खोलीत ठेवून सकाळी कोणा बाहेरच्या माणसाला वास घ्यायला लावा, तुमचं नाक आता सरावलंय. तरी बाळाला लगेच नको, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. उरलेल्या गोळ्या घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून घंटागाडीवाल्याकडे वेगळ्या द्या. जाळू नका, संडासात टाकू नका.

आणि मुळात सुती कपड्यांना या गोळीची गरजच नाही. ती कसर लोकर आणि रेशीम खाते. गोधडी स्वच्छ धुऊन कोरडी ठेवली की झालं. खळ केलेलं कापड मात्र ठेवू नका.

जुनं ते सोनं
मी काल आमच्या कपाटातल्या काढल्या. सून बघत होती म्हणून काही बोललो नाही.

पळसफूल
😄 काका!

अंजनीकाठ
उशिरा लिहितेय, माफ करा. नातू झाला. दोन किलो नऊशे. तिसऱ्या दिवशी थोडा पिवळा झाला, आमचा जीव टांगणीला. निळ्या दिव्याखाली दोन दिवस ठेवला, उतरलं. तपासणीचा कागद काल आला: जीसिक्सपीडी कमी आहे.

डॉक्टरांनी टाळायच्या औषधांची यादी दिली, ती फ्रिजवर लावली आहे. यादीत औषधांच्या खाली हाताने लिहिलंय, "डांबर गोळी". सासूबाईंनी कागद दोनदा वाचून घेतला माझ्याकडून. मग मऊ धोतर मागवलं आणि नवी गोधडी घातली आहे. दोरा ओवायला मी, टाके त्यांचे. रोज वीतभर होते. जुन्या दोन्ही गच्चीवर आहेत, मास्तर. शेजारीण काल म्हणाली, आता नुसता उन्हाचा वास येतो. तरी बाळाच्या खोलीत नेलेल्या नाहीत.

सातपुडा ओपीडी
अभिनंदन, आजीबाई. तो इतर मुलांसारखाच वाढेल. यादी शाळेत जाईपर्यंत फ्रिजवर, नंतर दप्तरात. लेकीचीही तपासणी करून घ्या.

निवृत्त गार्ड
बाळाला आशीर्वाद. आमच्या गोठ्याला दोन जुने स्लीपर अजून आहेत. गायीला तिकडे बांधणं बंद केलं.

गिरणाकाठ
मावशी, बारसाले भरीत शे ना? काड्या मी आनसू, वांगा बी मीच भाजसू. धूर माले लागू द्या.